वय झालं म्हणून इंजिनाची ताकद जाते का?

1 जुलै 2025 ला दिल्लीतल्या पेट्रोल पंपांवर एक नवा नियम लागू झाला. 10 वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना आणि 15 वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना इंधन द्यायचं नाही. ओरड एवढी झाली की काही दिवसांतच तो गुंडाळून ठेवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केवळ वयावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं.

महाराष्ट्रात असा नियम नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तरीही त्या बातम्यांनी एक शंका घराघरांत नेऊन ठेवली. गाडीला दहा वर्षं झाली, लाखभर किलोमीटर झाले, आता इंजिनात दम उरला नसेल ना? या शंकेपोटी चांगल्या चालत्या गाड्या मिळेल त्या भावात विकल्या जातात. काही जण गरज नसताना इंजिन खोलून पन्नास-साठ हजारांचं काम करून घेतात. दोन्ही बघून वाईट वाटतं, कारण शंकेचं उत्तर अर्ध्या-पाऊण तासात मिळू शकतं.

उत्तर आधीच सांगतो. वर्षं उलटली म्हणून ताकद जात नाही. झीज झाली की जाते, पण ती फार सावकाश आणि थोडी जाते. घाटात किंवा ओव्हरटेक करताना तुम्हाला जी कमतरता जाणवते, तिचं कारण बहुतेक वेळा इंजिनाची झीज नसतंच.

ताकद येते कुठून

इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो, मग इंधन पेटतं, त्या स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. चाकाला मिळणारी सगळी ताकद त्या एका ढकलण्यातून येते.

हवा दाबण्याच्या क्रियेला कॉम्प्रेशन म्हणतात. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण मूळ जागेच्या साधारण दहाव्या हिश्शात दाबलं जातं. डिझेलमध्ये नुसती हवा पंधरा-सोळा पट दाबली जाते, आणि त्यातून ती इतकी तापते की डिझेल फवारताच पेट घेतं, ठिणगी लागत नाही.

म्हणजे ताकदीसाठी तीन गोष्टी लागतात. पुरेशी हवा आत यायला हवी. इंधन, आणि पेट्रोल गाडीत ठिणगीसुद्धा, योग्य वेळी मिळायला हवी. आणि दाबलेली हवा सिलिंडरमध्ये टिकायला हवी. यातली फक्त तिसरी गोष्ट इंजिनाच्या पोटातल्या झिजेशी बांधलेली आहे. पहिल्या दोन बिघडल्या तर बहुतेक वेळा इंजिन न खोलता दुरुस्त होतात. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

नक्की काय झिजतं

पिस्टन सिलिंडरपेक्षा किंचित लहान असतो, नाहीतर तो आत अडकेल. मधली फट बुजवायला पिस्टनवर लोखंडी रिंगा बसवलेल्या असतात, सहसा तीन. वरच्या दोन दाब धरतात आणि खालची भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडते. वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असतात, हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे. ते आपल्या बैठकीवर घट्ट बसले तरच सिलिंडर बंद राहतो.

सायकलला हवा भरायचा हातपंप आठवा. पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला की वायसर चांगला असेल तर बोट टिकत नाही. वायसर वाळलेला असेल तर दांडा आरामात खाली जातो आणि हवा मागच्या मागे निसटते. झिजलेल्या रिंगांचं तसंच होतं. दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली, ऑइल असलेल्या भागात शिरते. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि तिथून भकभक धूर आला, तर मेकॅनिकला पुढचं सांगावं लागत नाही.

रिंगा झिजवणारे खरे शत्रू तीन. धूळ, जुनं झालेलं ऑइल आणि थंड इंजिनावरची धावपळ. त्यातही धुळीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे निष्काळजीपणा सर्रास होतो. एअर फिल्टर बदलतात, पण फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली असते आणि झाकण एका कोपऱ्यातून उचललेलं राहतं. हवा सोपी वाट धरते आणि फिल्टरला वळसा घालून त्या फटीतून आत जाते. सोबत रस्त्यावरची बारीक वाळू जाते आणि सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरचं काम करते. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या रिंगा अशा फटीतून वेळेच्या कितीतरी आधी जाऊ शकतात. डब्याच्या आतल्या, स्वच्छ बाजूवर बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर फिल्टर नवा असूनही काम करत नाहीये.

सुरुवातीला ताकद वाढते

नव्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरपे ओरखडे ठेवलेले असतात. त्यात ऑइल धरलं जातं आणि रिंगा भिंतीशी घासून तिच्या आकाराला बसतात. हे बसणं पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये होतं. त्या काळात घर्षण कमी होतं, दाब जास्त चांगला धरला जातो आणि इंजिन शोरूममधून निघालं त्यापेक्षा थोडं मोकळं धावू लागतं. पाच-दहा हजार किलोमीटर झालेली गाडी नव्यापेक्षा चांगली पळते असं लोक म्हणतात, ते खरं आहे.

त्यानंतर एक लांब सपाट टप्पा येतो. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात लाख-दीड लाख किलोमीटरपर्यंत ताकदीचा आलेख जवळजवळ आडवाच असतो.

मग किती जाते?

चांगल्या निगराणीतल्या गाडीत दीड-दोन लाख किलोमीटरनंतरही घट सहसा पाच टक्क्यांच्या आसपास राहते. ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीत ती यापेक्षा पुष्कळ जास्त होऊ शकते.

पाच टक्के म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. समुद्रसपाटीपासून दर 100 मीटर वर गेलं की हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर आहे. म्हणजे काल घेतलेली कोरी गाडी मुंबईहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत 12-13 टक्के ताकद गमावते आणि परत खाली आली की मिळवते. सीएनजीचंही तसंच. वॅगन-आरचं 1 लिटरचं इंजिन पेट्रोलवर सुमारे 67 हॉर्सपॉवर देतं आणि सीएनजीवर सुमारे 57. डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की 15 टक्के ताकद जाते, कारण गॅस सिलिंडरमधली हवेची जागा खातो. लाखो लोक ही घट रोज सहन करतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दहा वर्षांची झीज त्यापेक्षा कमी असते.

झिजलेल्या रिंगांमधून हवा निसटते तर घट इतकी कमी कशी, असा प्रश्न इथे पडायला हवा. उत्तर वेगात आहे. स्टार्टर मारताना इंजिन मिनिटाला साधारण 200 फेरे फिरतं. तेव्हा पिस्टनला खालून वर यायला सुमारे 0.15 सेकंद लागतात. हायवेवर 3,000 फेऱ्यांना तेच अंतर 0.01 सेकंदात कापलं जातं, म्हणजे हवेला निसटायला पंधरावा हिस्सा वेळ मिळतो. वाळक्या वायसरचा पंपसुद्धा झटक्यात मारला तर थोडी हवा भरतोच, सावकाश दाबला तर काहीच भरत नाही. म्हणून झिजलेलं इंजिन आधी सकाळच्या थंडीत स्टार्ट व्हायला त्रास देतं, ट्रॅफिकमध्ये थांबलं की थरथरतं, आणि एक्स्प्रेस वेवर मात्र छान पळतं. डिझेलमध्ये हे जास्त ठळक दिसतं, कारण तिथे पेट घेण्यासाठी लागणारी उष्णताच दाबातून येते.

"पण माझी गाडी खरंच ओढत नाही"

यावर मी अविश्वास दाखवणार नाही. गाडी ओढत नाही हे चालवणाऱ्याला बरोबर कळतं. प्रश्न एवढाच की कारण कुठे शोधायचं.

सगळ्यात आधी इंजिनाच्या बाहेर बघा. क्लच प्लेट झिजली असेल तर चढावर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग चढत नाही. इंजिन पूर्ण ताकद देतंय, ती चाकापर्यंत जात नाही. ब्रेक चिकटत असेल तर गाडी सतत थोडा ब्रेक लावल्यासारखी चालते. दहा-पंधरा मिनिटं चालवून चाकांच्या रिमजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तेच कारण. टायरमध्ये हवा कमी असेल तरी गाडी जड वाटते. आणि लहान इंजिनाच्या गाडीत एसी तीन-चार हॉर्सपॉवर सहज खातो. पाच माणसं, सामान, मे महिना आणि कसारा घाट असं एकत्र आलं की नव्या गाडीचाही दम लागतो.

मग हवेची आणि इंधनाची वाट. तुंबलेल्या एअर फिल्टरबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. कार्बोरेटरच्या काळात त्याने मायलेज पडायचं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवा मोजूनच इंधन देतो, त्यामुळे मायलेज फारसं बदलत नाही, पिकअप मात्र पडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये तपासलं तेव्हा हेच दिसलं. म्हणजे मायलेज ठीक आहे म्हणून फिल्टर ठीक आहे असं धरून चालू नका.

स्पार्क प्लगची फट वाढलेली असणं, थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर, काजळी बसणं, इंजेक्टर अर्धवट तुंबणं, इंधन पंपाचा दाब कमी होणं, सेन्सर चुकीचं सांगणं, सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदणं, ही सगळी कारणं जुन्या गाडीत सापडतात आणि ती सगळी इंजिन न खोलता काढता येतात. टाइमिंग चेन सैल झाली तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चुकते आणि ताकद जाते, ते काम मात्र मोठं असतं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताकद एका दिवसात किंवा आठवड्याभरात गेली असेल तर ती झीज नव्हे. रिंगा आठवड्यात झिजत नाहीत. कुठेतरी काहीतरी तुटलं, चोंदलं किंवा निसटलं आहे आणि ते शोधून काढता येतं.

डिझेलवाल्यांसाठी वेगळं

डिझेल गाडीची ताकद टर्बोवर फार अवलंबून असते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप वयाने तडकतो. मग एक दिवस शिट्टीसारखा आवाज येतो, मागून काळा धूर निघतो आणि गाडी अर्ध्यावर येते. मालकाला वाटतं इंजिन गेलं. बदलायचा असतो तो पाइप.

दुसरं कारण काजळी. प्रदूषण कमी करण्यासाठी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडला जातो, त्याचा व्हॉल्व्ह काजळीने अडकतो. बीएस-6 (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचं सरकारी मानक) डिझेलमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. रोज शाळा, बाजार, घर एवढंच चालणाऱ्या गाडीत तो भरत जातो आणि शेवटी संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकदच कापतो. दोन-तीन वर्षांच्या गाडीतही हे घडतं, वयाचा काही संबंध नसताना.

अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी

झीज आहे की नाही हे सांगणारं उपकरण साधं आहे, कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम करायचं, सगळे स्पार्क प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी बंद करायची, एका प्लगच्या जागी गेज बसवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि काटा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. मग पुढचा सिलिंडर. चार सिलिंडर, चार आकडे.

पेट्रोल इंजिनात आकडा साधारण 170 ते 190 पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) घरात अपेक्षित असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पण एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त बोलतो. समजा 175, 172, 174 आणि 120 आले. तीन सिलिंडर उत्तम, चौथ्यात गळती. आता चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत. चढला नाही तर दोष वरती, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं झाकण यांच्यामधल्या पातळ पट्टीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅसकेटचा संशय आधी घ्यावा.

यातला व्हॉल्व्हचा दोष कधी कधी नुसत्या टॅपेट सेटिंगने, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट नीट लावून, जातो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे विशेष बघावं, कारण कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून कुणी "रिंगा गेल्या, इंजिन काम काढावं लागेल" म्हणालं तर आधी हे चार आकडे कागदावर मागा. आकडे न दाखवता इंजिन खोलायला कुणाला होकार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"डायनोवर लावली तर कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी आली"

डायनो म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र. हौशी लोक दहा वर्षांची गाडी त्यावर लावतात, 100 ऐवजी 85 आकडा येतो आणि ते हळहळतात. कंपनी जो आकडा सांगते तो इंजिनाच्या शाफ्टवर मोजलेला असतो. गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर यांच्यात 10 ते 20 टक्के ताकद खर्च होते, ती नव्या गाडीतही होते. तुलना करायची तर त्याच यंत्रावर त्याच मॉडेलची नवी गाडी लावून करावी लागेल.

"मग दिल्लीचा नियम चुकीचा होता का?"

ताकद आणि प्रदूषण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. बीएस-3 डिझेल कारला किलोमीटरमागे 0.05 ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. बीएस-4 ला 0.025. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ला 0.0045. म्हणजे ठणठणीत, पूर्ण ताकदीची बीएस-3 डिझेल गाडीसुद्धा बीएस-6 च्या अकरा पट काजळी सोडूनही आपल्या नियमात बसते. तिचं इंजिन झिजलेलं नाही, ते बनलंच तसं आहे. दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण तिचं मोजमाप मानकावर आणि प्रत्यक्ष धुरावर व्हायला हवं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला दिलासा बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला, ती दिशा मला जास्त बरोबर वाटते.

इथेनॉलचंही थोडक्यात. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, कारण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश आहे. म्हणून मायलेज थोडं पडतं. हे इंजिन म्हातारं झाल्याचं लक्षण नाही. मात्र जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्या इंधनासाठी बनलेले नसतील तर ते तपासत राहावेत.

जुनी गाडी घेताना

वर्ष आणि किलोमीटर या दोन आकड्यांवर भाव ठरतो, म्हणून मीटर मागे फिरवण्याचे प्रकार होतात. त्यामुळे मीटरपेक्षा सर्व्हिसची बिलं बघा. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर असतं, ती ओळ सरळ चढत गेलेली हवी. कमी चाललेली गाडी आपोआप चांगली असंही नाही. बारा वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी महिनोन् महिने उभी राहिलेली असते. ऑइलमध्ये ओल धरते, सील वाळतात, रिंगा भिंतीला गंजून चिकटू शकतात. त्यापेक्षा नियमित ऑइल बदललेली, हायवेवर सव्वा लाख चाललेली गाडी मी डोळे झाकून पसंत करेन, अर्थात कॉम्प्रेशनचे आकडे बघून.

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सकाळपासून स्टार्ट करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना ते बघा आणि मग तुमच्यासमोर पहिला स्टार्टर मारू द्या. एका झटक्यात लागली, मिनिटभर नीट चालली आणि मागे निळा धूर नाही, तर निम्मं काम झालं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ साधी असते, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. त्यानंतर ऑइलचं झाकण उघडून धूर बघा, एखाद्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढून बघा, आणि गेज लावणारा मेकॅनिक सोबत असेल तर चार आकडे लिहून घ्या.